नऊ एकांचा वर्ग, रांगोळी आणि डोंबिवली स्टेशन

निवांत_दुपार (धागाकर्ता)

लेक सातवीत आहे. वर्गसंख्यांचा गृहपाठ करता करता तिला वहीत एक जिना सापडला: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. पुढचे गुणाकार हाताने करायचा कंटाळा, म्हणून बाईसाहेब माझा लॅपटॉप घेऊन बसल्या. स्प्रेडशीटमध्ये नऊ एक टाकले, वर्ग काढला, रकाना रुंद केला. उत्तर आलं:

१२३४५६७८९८७६५४३००

मी न बघताच म्हटलं, बरोबर असेल. ती म्हणाली, "बाबा, शेवटी एक गुणिले एक आहे. शून्य कसं येईल?"

मग मी शहाणपणा करून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तोच गुणाकार केला. तिथे शेवट ३२०. दोन ठिकाणी दोन उत्तरं, आणि सातवीतली पोरगी म्हणते दोन्ही चूक. शेवटी लाइट बिलाच्या पाठीमागे नऊ ओळी एकेक घर सरकवून लिहिल्या आणि बेरीज केली. १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून.

आता दोन प्रश्न. यंत्रं का चुकली? आणि ही संख्या नुसती दिसायला देखणी आहे की आतही काही आहे? दहावीनंतर माझा गणिताशी संबंध आयकर भरण्यापुरता, तेव्हा झेपेल असं सांगा.

बग_शोधक

चुकली म्हणजे, त्यांच्या पिशवीत मावलं नाही. स्प्रेडशीट पहिले पंधरा अंक ठेवते आणि पुढे शून्यं भरते. तुमचे सतरा होते, शेवटचे २१ सांडले.

ब्राउझरची गोष्ट जास्त मजेशीर आहे. तिथे संख्या ६४ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ६४ घरांत, बसवतात आणि नेमकेपणासाठी त्यातले ५३ बिट मिळतात. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट राहतो. त्याच्या पुढे, दुप्पट होईपर्यंतच्या पट्ट्यात, फक्त सम संख्यांना जागा असते. तुमची संख्या त्याच पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे. ३२० आणि ३२२ च्या बरोबर मध्ये लोंबकळते. अशा वेळी दोघांपैकी ज्याचा ठेवलेला शेवटचा बिट शून्य, तो घ्यायचा असा नियम आहे. तो निघाला ३२०. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत करून बघा, सगळे अंक येतील. तिथे पूर्णांकाला लांबीची अशी अट नाही.

अवांतर: एके ठिकाणी नोकरीला असताना आम्ही ऑर्डर क्रमांक सतरा अंकी केले होते. शेजारशेजारच्या दोन ऑर्डरींचा क्रमांक पडद्यावर एकच दिसायचा. तीन दिवस डोकं धरून बसलो होतो. तेव्हापासून लांबलचक क्रमांक मी आकडा म्हणून साठवत नाही, मजकूर म्हणून साठवतो.

अर्धवट_शहाणा

दोन्हीकडून सारखी, शेवटी १. मला तरी ही मूळ संख्या वाटते.

सहा_त्रेचाळीसची_लोकल

अहो, धाग्याच्या नावात 'वर्ग' लिहिलंय. वर्ग आणि मूळ संख्या?

अर्धवट_शहाणा

हो की. चहा घेऊन येतो.

मोगरा७२

गणित माझा विषय नाही, आधीच सांगते. पण १, २, ३ करत ९ आणि मग परत १ पर्यंत, हे मी दर दिवाळीत घालते. ठिपक्यांच्या रांगोळीत मधल्या ओळीत ९ आणि दोन्हीकडे १ पर्यंत उतरायचं असा एक प्रकार असतो. पहिल्या ओळीत एक ठिपका, खाली दोन, त्याखाली तीन, प्रत्येक वेळी वरच्या दोन ठिपक्यांच्या मधली जागा धरून. नऊ झाले की एकेक कमी करत परत एकावर. पुरा झाल्यावर मान तिरकी करून बघितलं तर तो कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, नऊ बाय नऊ. ठिपके मोजावे लागत नाहीत, ८१. तुमच्या संख्येशी याचा काही संबंध असेल का हो?

पाढेपाठ

काकू, संबंध असेल का काय विचारता, तुम्ही सिद्धताच घातलीत अंगणात.

निवांतभाऊ, लेकीला शेजारी बसवून वाचा. १११११११११ गुणिले १११११११११ म्हणजे वरच्या प्रत्येक एकाने खालच्या प्रत्येक एकाला भेटायचं. नऊ नव्वे ८१ भेटी. प्रत्येक भेटीचा गुणाकार एकच, प्रश्न फक्त तो कोणत्या स्थानी जाऊन बसतो. शतकाच्या स्थानी कोण जातं? वरचा एकक आणि खालचा शतक, दोन्हीकडचे दशक, वरचा शतक आणि खालचा एकक. तीन भेटी, म्हणून तिथे ३. एककाच्या घरात एकच भेट. मधल्या घरात, म्हणजे दशकोटीच्या, नऊ भेटी. काकूंच्या रांगोळीतली एक आडवी ओळ म्हणजे या गुणाकारातलं एक स्थान. ओळीओळीने ठिपके मोजा आणि शेजारी शेजारी लिहा, संख्या तयार.

आता यातून फुकटात काय मिळतं ते बघा. अंकांची बेरीज करायची गरज नाही, ती ८१ असणारच, कारण ठिपके तितकेच आहेत. आणि या संख्येला ८१ ने भागही जातो: १११११११११ ला ९ ने भाग जातो, मग त्याच्या वर्गाला ८१ ने जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो तिला हर्षद संख्या म्हणतात. हे नाव आपल्या द. रा. कापरेकरांनी दिलेलं, देवळालीच्या शाळामास्तरांनी.

अवयव पाडायचे तर आधी वर्गमुळाचे पाडा. १११११११११ = १११ × १००१००१. त्यातला १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. हा ३३३६६७ मूळ आहे, तिथे थांबायचं. म्हणून आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. विभाजक एकूण ३६.

बग_शोधक

घात अधिक एक, यांचा गुणाकार ना? ५ × ३ × ३ = ४५. शिवाय पूर्ण वर्गाला विभाजक विषमच असतात, ३६ जमणार नाही.

पाढेपाठ

बरोबर, ४५. चौथ्या घाताला मी ४ च धरले. वहीत लाल शेरा मारून घेतला.

पण ३३३६६७ वर एक मिनिट थांबा, तो साधासुधा नाही. १ ला त्याने भागा: ०.०००००२९९७०००००२९९७... नऊ अंकांनी गाडी परत सुरुवातीला. दशांशात नऊ अंकांची आवर्तनं देणारी ही एकमेव मूळ संख्या. कारण नऊ वेळा ९ लिहिले की त्या संख्येचे मूळ अवयव तीनच निघतात, ३, ३७ आणि ३३३६६७. त्यातल्या ३ चं आवर्तन एका अंकात संपतं, ३७ चं तीन अंकांत. नवाला वाली हाच.

सहा_त्रेचाळीसची_लोकल

कापरेकरांचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. १, १२१, १२३२१... या संख्यांना कापरेकरांनी 'डेम्लो' नाव दिलं. का? तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून ३० मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, तिथे त्यांच्या डोक्यात ही कल्पना आली. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली! जगभरात या संख्या त्या नावाने ओळखल्या जातात आणि आम्ही रोज त्याच फलाटावर उभे राहून शेजाऱ्याचं कोपर बरगडीत घेतो. इतक्या वर्षांत मला तिथे सुचलेली एकच कल्पना म्हणजे पुढची गाडी पकडावी.

जुनी_वही

मूळची डेम्लो संख्येची व्याख्या थोडी वेगळी आहे बरं. तीन तुकडे: मधला तुकडा एकाच अंकाचा, आणि कडेच्या दोन तुकड्यांची बेरीजही त्याच अंकाची. २५५३ घ्या, २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. ४७७७३ तसंच. १२३२१ वाली माळ ही त्यांची 'वंडरफुल डेम्लो', म्हणजे खास मानाची.

अर्धवट_शहाणा

कापरेकर म्हणजे ६१७४ वाले ना? चार अंक घ्या, उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, करत राहा, ६१७४ वर अडकता?

पाढेपाठ

तेच. जन्म डहाणूचा, १९०५. ६१७४ ची गोष्ट १९४९ ची. हयातभर शाळेत शिकवलं, १९६२ ला निवृत्त झाले. बाहेरच्या जगात त्यांचं नाव खऱ्या अर्थाने पसरलं ते १९७५ मध्ये गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने लिहिल्यावर. फक्त चार आकडे एकसारखे घेऊ नका, ११११ घेतलं तर पहिल्याच वजाबाकीत शून्य.

त्यांच्याच चाळण्या आपल्या संख्येला लावून बघायचा मोह आवरला नाही, म्हणून रात्री बसलो. हर्षद आहे, डेम्लो आहे. देवळाली संख्या आहे का? देवळाली म्हणजे अशी संख्या की जी दुसऱ्या कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून येत नाही, जिला आईबाप नाहीत. उदाहरणार्थ २१ ला आहे: १५ + १ + ५. पण २० ला नाही, २० देवळाली. आपल्या १२३४५६७८९८७६५४३२१ चा जनक शोधला. ९ च्या बाक्यांवरून कळतं की जनकाच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीतच हवी, आणि आकार बघता ८१, ९० किंवा ९९ एवढेच उमेदवार उरतात. ८१ वजा करा: १२३४५६७८९८७६५४२४०. अंकांची बेरीज करा: ८१. सापडला! ९० आणि ९९ जमत नाहीत. म्हणजे देवळाली नाही, आणि जनक एकुलता एक.

मग कापरेकर संख्येची युक्ती: वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, बेरीज परत सुरुवातीच्या संख्येवर यायला हवी. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. आपण १११११११११ चा वर्ग घेऊन शेवटचे नऊ अंक तोडू:

१२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

१११११११११ आलं नाही, त्यामुळे ती कापरेकर संख्या नव्हे. पण जे आलं ते बघून मी खुर्चीतून उठलो. आणि ९९९९९९९९९ स्वतः कापरेकर आहे: वर्ग ९९९९९९९९८००००००००१, तुकडे जोडा, परत ९९९९९९९९९. हा वर्ग म्हणजे आपल्या संख्येची बरोबर ८१ पट.

निवांत_दुपार

बेरीज सगळे नऊ का आली? योगायोग?

पाढेपाठ

योगायोग नाही. १११११११११ = ९ × १२३४५६७९. मग त्याचा वर्ग = १२३४५६७९ × ९ × १११११११११ = १२३४५६७९ × ९९९९९९९९९. आता ९९९९९९९९९ ने गुणायचं म्हणजे किराणावाला ९९ रुपये मनात कसे करतो तसं: शंभर धरून एक कमी. १२३४५६७९ पुढे नऊ शून्यं, त्यातून १२३४५६७९ वजा.

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

हे एकदा हाताने करा. उजवीकडे शून्यांतून उसने घेत घेत ९८७६५४३२१ उमटतं आणि डावीकडे १२३४५६७९ चा एक कमी होऊन १२३४५६७८. एका वजाबाकीत अख्खी माळ. मला विचाराल तर या संख्येबद्दलची सगळ्यात सुंदर ओळ ही आहे, ४५ विभाजक वगैरे नंतर.

मोगरा७२

१२३४५६७९ मध्ये आठ का नाही? लहानपणी भाऊ जादू करायचा, तुझा आवडता अंक सांग म्हणायचा. मी ७ म्हटलं की १२३४५६७९ ला ६३ ने गुणायला लावायचा, ७७७७७७७७७ यायचं. तेव्हाही विचारलं होतं, आठ कुठे गेला? तो म्हणाला, जादूत आठ लागत नाही.

बग_शोधक

काकू, आठ हातच्याने खाल्ला. १ ला ८१ ने भागलं की १, २, ३, ४ असे आकडे दशांशचिन्हापुढे एकेक घर घेत बसतात: ०.०१२३४५६७८९ आणि मग १०. पण १० एका घरात मावत नाही. त्याचा हातचा १ शेजारच्या ९ वर जातो, ९ चे होतात १०, तिथे ० राहतं, हातचा पुढे ८ वर, ८ चा होतो ९. मागून ११, १२ चीही तीच ढकलाढकल. म्हणून दिसतं ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... आठ गेला नाही, त्याचा नऊ झाला. भावाला कळवा.

मोगरा७२

भाऊ आता आजोबा झालाय. कळवते.

निवांत_दुपार

लेक विचारते, दहा एक घेतले तर?

पाढेपाठ

तिथेच जिना मोडतो. रांगोळी होते की, मधल्या ओळीत दहा ठिपके घालायला काकूंना काही अडचण नाही. पण संख्येच्या एका घरात दहा बसत नाहीत. मधे ० आणि हातचा १, शेजारच्या ९ चे १०, पुन्हा ० आणि हातचा १, त्यापुढच्या ८ चा ९. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. इथेही ८ जाऊन ९ आला, बघितलंत? तोच चोर. दोन्हीकडून वाचायची मजा गेली. आणि प्रत्येक हातच्याला अंकांची बेरीज ९ ने घटते: ठिपके १००, हातचे दोन, बेरीज ८२. ८२ सम, संख्या विषम, भाग जाणार नाही. हर्षदपणही गेलं.

म्हणून नऊ एकांची ही शेवटची पायरी, जिथे एकही हातचा न घेता गुणाकार पुरा होतो.

अर्धवट_शहाणा

आणि हातच्याचं न ऐकता मी सरळ मध्ये १० लिहिले तर? १२३४५६७८९१०९८७६५४३२१?

पाढेपाठ

ती मात्र मूळ संख्या आहे! वीस अंकी. नऊपर्यंतची माळ पूर्ण वर्ग, आणि दहापर्यंतची मूळ. तुमचा पहिला अंदाज एका पायरीने चुकला एवढंच.

अर्धवट_शहाणा

हे मी फ्रेम करून लावणार.

जुनी_वही

आतापर्यंत कोणी 'हे सगळं आपल्याकडे आधीच होतं' म्हटलं नाही, म्हणून मी म्हणते, पण पुराव्यासकट. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त गळ्यातल्या हारासारखे दिसणारे गुणाकार आहेत, त्यांना ते कंठाभरण म्हणतात. त्यात १२३४५६७९ × ९ आहे. आणि २७९९४६८१ × ४४१ आहे, ज्याचं उत्तर १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढून मग क्रमाने उतरणारी, असंच तिचं वर्णन केलंय. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ = १११११११. म्हणजे सात एक.

पाढेपाठ

सहा एक, वहीताई. १११११११ नव्हे, ११११११.

जुनी_वही

एक ठिपका जास्त पडला. सहा एक.

आणि ही सतरा अंकी संख्या वाचायची कशी यावर कोणी बोललं नाही. ट्रिलियन-क्वाड्रिलियन कशाला, ११५० सालच्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी अठरा स्थानांची नावं दिलीत, ती पुरून उरतात. १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १. सगळ्यात वरचं परार्ध तेवढं रिकामं राहतं. घड्याळ लावून म्हणून बघा, एका श्वासात होतं. माझं झालं, निखर्वापाशी थोडी अडखळले.

सहा_त्रेचाळीसची_लोकल

गाडीत म्हणून बघितलं. शंकूपर्यंत समोरच्याने जागा दिली.

निवांत_दुपार

सगळ्यांचे आभार. लेकीने काल गॅलरीत खडूने ८१ ठिपके काढले, आणि आईने पुसायच्या आत ओळी मोजून झाल्या. तिचा नवा हट्ट: दहाला एकच अंक असता तर पुढे जाता आलं असतं ना?

बग_शोधक

अगदी. डझनावर मोजायला सांगा. बाराच्या पायावर मोजलं की दहा आणि अकरा यांना एकेक चिन्ह मिळतं, हातचा बारा झाल्यावर घ्यायचा. तिथे अकरा एकांपर्यंत जिना शाबूत राहतो. चिन्हं तिची तिने ठरवावीत.

निवांत_दुपार

ठरवली. दहासाठी मोदक, अकरासाठी पतंग. वहीच्या शेवटच्या पानावर १२३४५६७८९ मोदक पतंग मोदक ९८७६५४३२१ असा अकरा एकांचा वर्ग आहे. सोमवारी वही तपासायला जाते. बाईंना आधी चिठ्ठी द्यावी की नाही, यावर घरात चर्चा चालू आहे.